मावळल्यावर भर नाही

“…आणि नंतर काहीच वाढवता येणार नसेल, तर आत्ताच किती घेऊन ठेवावं, बाबा?”

घोंगडेबाबा नाचणीची पेज पीत होते. त्यांनी वाडगा खाली ठेवला.

“काय किती?”

“मेमरी.”

पठारावर त्या पहाटे इतकं दाट धुकं होतं, की गुरूला शिष्य आणि शिष्याला गुरू नुसत्या आवाजावरून ओळखावा लागत होता. अशा वेळी माणसं आत्मा, माया, झालंच तर मोक्ष असलं काहीतरी विचारतात. इंद्रजित घारपुरे लॅपटॉपबद्दल विचारत होता.

त्याला नावं ठेवू नयेत. त्याचा धंदाच तो होता. पुण्यातल्या कंपन्या यंत्रं घेण्याआधी त्याला बोलावत, आणि चार-पाच वर्षांनी काय लागेल ते हा आज सांगे. बहुतेक खरंही ठरे. ‘मला आजवर कधी काही कमी पडलेलं नाही’ हे त्याचं आवडतं वाक्य होतं. ते म्हणताना त्याची मान जराशी ताठ होई.

त्याने पिशवीतून एक पांढरं खोकं काढलं आणि बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी ते वर-खाली करून पाहिलं. “रिकामं आहे का रे?”

“नाही, आत लॅपटॉप आहे. दोन भाकऱ्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढाच जाड. खांद्याला कळतसुद्धा नाही.”

“मग घोडं कुठं अडलं?”

“तिथंच. इतका पातळ करायचा म्हणून आतलं सगळं सोल्डरिंगचा डाग देऊन कायमचं बसवून टाकलंय. जुन्याचा तळ उघडून नंतर मेमरी वाढवता यायची. याला तशी जागाच नाही. जे आज घेऊ तेच शेवटपर्यंत. आणि पुढं घुबडं वाढली तर…”

“घुबडं?”

मग इंद्रजितने सगळं सांगितलं.

शाल्मली घुबडांचा अभ्यास करत होती. मेळघाटात तीन वर्षं राहून तिला त्यांचे आवाज टिपायचे होते. आवाज ती टिपणार, आणि यंत्रावर घालून कुठला कुणाचा ते इंद्रजित निवडणार, असं दोघांचं ठरलं होतं. तिथं गेल्यावर लग्न करू, हेही ठरलं होतं. निघायचं तेवढं राहिलं होतं.

गेल्या वर्षी नवा प्रोसेसर येणार म्हणून इंद्रजित थांबला. मग जास्त टिकणारी बॅटरी येणार म्हणून थांबला. आता अखेर त्याने हा लॅपटॉप घेतला, आणि दुकानातून घरी येता येता वाचलं, की पाडव्याला येणाऱ्या मॉडेलमध्ये दुप्पट मेमरी असणार आहे. सील फोडलेलं नसेल तर दुकानदार हा परत घेणार होता.

“तिला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“काल म्हणाली, घुबडं पाडव्यासाठी थांबत नाहीत. मी परवा निघतेय. सकाळी जीप तुझ्या घोंगडेबाबांच्या टेकडीखालच्या फाट्यावरून जाईल, तेव्हा हॉर्न वाजवीन. आलास तर आलास.”

“आणि नाही गेलास तर?”

“मग ती पुन्हा नाही विचारायची.”

शाल्मलीवाचून आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेमरी किती घ्यावी तेवढं ठाऊक नव्हतं.

“ती काय काय घेऊन निघालीय?”

“एक टॉर्च, एक मायक्रोफोन… आणि काय काय विसरली असेल ते देव जाणे.”

बाबांनी उरलेली पेज संपवली. वाडगा उपडा ठेवला.

“इंद्रजिता, आज तुझा दिवस घे.”

इंद्रजितला आधी खरंच वाटेना. किती हिवाळे तो पठारावरच्या या मठात येत होता, आणि दरवेळी पुढच्या खेपेला हे ऐकायला मिळेल या आशेवर परत जात होता. त्याच्यामागून आलेल्यांनी दिवस घेतले होते. हा अजून पाहुण्यांच्या पडवीतच झोपत होता.

मठाची रीत अशी. ज्याला दिवस मिळाला त्याने उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकट्याने आपली झोपडी बांधायची. कारवीच्या काठ्या, खांब, वासे, गवताच्या पेंढ्या, दोर, सगळं माळावर रचून ठेवलेलं असे. मावळताना घंटा होई. त्यानंतर भर नाही. छप्पर शाकारता येई, भिंत लिंपता येई, पण नवी म्हणून एक खुंटीही ठोकता येत नसे. मठात जेव्हा जेव्हा येणं होईल तेव्हा त्याच झोपडीत राहायचं.

पठारावर अशा बऱ्याच झोपड्या होत्या. कुणी फळी लावायची विसरला होता, कुणाचं दार वाऱ्याच्या तोंडी होतं, एकीत तर उंच माणसाला पाय दुमडूनच झोपावं लागे. इंद्रजित येता-जाता त्या पाही आणि मनात म्हणे, आपल्या हातून असलं काही व्हायचं नाही.

तो धुक्यातून माळावर गेला तेव्हा त्याच्या पावलांत एक ऐट होती.

आधी त्याने जमीन पाहिली. मग पायाखालच्या मातीवर काठीने आखणी केली. एका माणसाला पुरेल एवढी जागा आखली आणि तिच्याकडे बघत बसला.

एकच माणूस कसा? शाल्मली येईल ना इथं कधीतरी.

त्याने पायाने रेघ पुसली आणि पुढं नेली.

पुढं मूल झालं तर? रेघ आणखी सरकली. आई-वडील थकल्यावर त्यांनाही इथली हवा मानवेल, म्हणून त्यांच्यासाठी एक अंग वाढलं. मठात अजून वीज नव्हती, पण ती कधी ना कधी येणारच, तेव्हा तारेसाठी वाट हवी. लॅपटॉपला फळी हवी. पाडव्याचा घेतला तर त्याची लांबी-रुंदी काय असेल, कोण जाणे. फळी जरा रुंदच धरलेली बरी.

धुकं विरळ झालं. वाळकं गवत सोन्यासारखं चमकायला लागलं. दूर दरीत ढग साचून राहिले होते आणि पठार त्यांच्यावर तरंगत कुठंतरी चाललंय असं वाटत होतं. फुलपाखरं आखलेल्या रेघांवर बसत होती आणि रेघ पुसली की उठत होती. इंद्रजितच्या डोळ्यांसमोर झोपडी उभी होती, प्रशस्त, दहा वर्षांनीही अपुरी न पडणारी. तिच्यात माणसं वावरत होती. शाल्मली फळीवर टॉर्च ठेवत होती. इतकं सगळं दिसत होतं, की काठ्यांना अजून हात लागलेला नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बाबा घोंगडं सावरत तिथून गेले.

“किती जणांची झाली?”

“सहा. तूर्तास.”

“हं…” बाबा म्हणाले आणि गेले.

दुपार कलल्यावर त्याने खड्डे खणले. अंदाज घेत घेत, मापं पुन्हा पुन्हा तपासत चार कोपऱ्यांना चार खांब रोवले, माती ठोकून पक्के केले. घामाने तो निथळून गेला होता, पण खूश होता. मग त्याने वासा उचलला आणि एका खांबावरून दुसऱ्यावर टाकायला गेला.

वासा पोचेना.

त्याने दुसरा उचलून पाहिला. तोही चांगला दोन-तीन हात तोकडा होता. मठातले सगळे वासे एकाच लांबीचे असतात, एका माणसाच्या झोपडीच्या. ते त्याने पाहिलं होतं, नुसतं मोजलं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांचं मोजण्यात तो गुंतला होता.

तो धावत एका खांबाशी गेला आणि हातांनी माती उकरायला लागला. त्यानेच ठोकून पक्की केलेली माती, ती काही केल्या सुटेना. नखं दुखावली. सूर्य दरीतल्या ढगांना टेकला, लाल झाला, बुडाला.

घंटा वाजली.

इंद्रजित तिथंच मातीत बसला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

बाबा आले.

“झाली?”

“नाही झाली, बाबा.”

“खांब आहेत की.”

“खांब म्हणजे झोपडी नव्हे. उद्या सकाळी घटकाभर दिलात तर मी…”

“मावळल्यावर भर नाही.”

आवाजात राग नव्हता. कीवही नव्हती.

“मग मी झोपू कुठं?”

बाबांनी दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. मग ते स्वतः पुढं झाले. तिथं दार नव्हतं, चौकट नव्हती, डोक्यावर तर काहीच नव्हतं. तरी बाबा वाकले, ठेंगण्या दारातून वाकावं तसे, आणि आत गेले. खांद्यावरचं घोंगडं काढून त्यांनी मधोमध अंथरलं.

“ये.”

इंद्रजित उभा राहिला. क्षणभर घुटमळला… आणि वाकून आत गेला.

त्याला कधी झोप लागली ते कळलं नाही. स्वप्नात पठारावरच्या झोपड्या गुरांसारख्या धुक्यात चरत होत्या. एका झोपडीच्या पाठीवर घुबड बसलं होतं. ते एकदाच घुमलं, खोल आणि गोल. हा आवाज जपून ठेवायला हवा म्हणून तो लॅपटॉप शोधायला लागला. तो सापडला, पण खोक्याला सील होतं, आणि सील फोडावं की नाही याचा तो विचार करत राहिला. घुबड वाट बघून उडून गेलं.

जाग आली तेव्हा गालांवर दव होतं. आकाश अगदी जवळ होतं, राखी रंगाचं. अजून उजाडायचं होतं.

कड्याच्या टोकाशी बाबा पूर्वेकडे तोंड करून बसले होते.

“इंद्रजिता, काठी आत राहिली माझी. आणतोस?”

बाबांच्या झोपडीत तो पहिल्यांदाच शिरत होता. आत मिट्ट काळोख. काठी दिसेना, म्हणून खिडकी उघडावी असं त्याने ठरवलं. हाताने भिंत चाचपत निघाला. एक बाजू झाली, कोपरा आला, दुसरी बाजू झाली, तिसरी झाली… आणि तो पुन्हा दारातच येऊन उभा राहिला.

मग काठी पायालाच लागली. ती घेऊन तो बाहेर आला.

“बाबा, खिडकी कुठाय?”

“राहिली.”

“राहिली म्हणजे?”

“बांधताना राहिली. छपराच्या नादात होतो. घंटा झाली, मग आठवली.”

“तेव्हापासून…?”

“तेव्हापासून.”

बाबा रात्र कशी काढत असतील, उन्हाळ्यात काय करत असतील, असं बरंच काही इंद्रजितच्या मनात येऊन गेलं.

खाली दरीत हॉर्न वाजला.

धुक्यातून तो आवाज मऊ होऊन वर आला. इंद्रजितने पिशवी ओढली आणि खोकं बाहेर काढलं. सीलवर अंगठा ठेवला. तो अंगठा तिथंच थांबला, सवयीने.

“बाबा, मेळघाटात गेल्यावर हे कमी पडलं तर?”

“पडेल.”

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक, आणि मग तुटल्यासारखा थांबला.

इंद्रजितने सील फाडलं. लॅपटॉप काढून पिशवीत सरकवला, दोन कपड्यांच्या मध्ये. रिकामं खोकं बाबांच्या पायाशी ठेवलं.

“हे आता परत जायचं नाही. राहू दे इथंच.”

“तीळ राहतील त्यात,” बाबा म्हणाले.

तो वाकला, बाबांच्या पायांना हात लावला आणि पायवाटेने धावत सुटला. जरासा उतरला, आणि थांबला. त्याला राहवेना. वळून त्याने वर पाहिलं. बाबा तसेच बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुकतं तांबडं येत होतं.

“बाबा!” तो खालून ओरडला. “एवढी एक खिडकी राहून गेली! कधी हळहळ नाही वाटली?”

बाबांनी पूर्वेवरची नजर काढली नाही.

“वेळेत आठवली असती,” ते म्हणाले, “तर आत्ता मी आत असतो.”