उतरवलेला चंद्र

एकदा एका वृद्ध ठसेकाराच्या दारात एक कापडव्यापारी कागदाची गुंडाळी छातीशी धरून उभा राहिला. गाव जपानातले, दिवस सरत्या हिवाळ्याचे. वृद्ध लाकडी ठशांवरून चित्रे छापत असे आणि त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य रंग उत्तम घोटायचा, पण अख्खे चित्र एकट्याने छापायची संधी त्याला अजून मिळाली नव्हती. त्यासाठी तो मनातून उतावीळ झाला होता.

त्या गावची रीत अशी, की घरात चित्रासाठी भिंतीवर एकच जागा असायची. ऋतू पालटला की चित्र पालटायचे. वसंताच्या तोंडावर प्लमची फुले, उन्हाळ्यात धबधबा, शरदात चंद्र आणि थंडीत हिमाने झाकलेला पूल. ज्याची पाळी नाही ते चित्र कापडात गुंडाळून पेटीत जायचे. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील शिमग्यापर्यंत गॅलरीत लोंबकळत असतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. तिथे असे चालत नसे.

व्यापाऱ्याने गुंडाळी उलगडली. नदीवर उगवलेला पूर्ण चंद्र आणि त्याखालून उडणारे रानहंस. चित्र याच वृद्धाने पूर्वी छापलेले होते. पण नदीचा निळा रंग आता वाळल्या गवतासारखा झाला होता आणि हंस कोऱ्या कागदावरून उडत असल्यासारखे दिसत होते.

व्यापारी सांगू लागला. घरातली चित्रे त्याची पत्नी बदलत असे. हे चित्र तिने भिंतीवर लावले आणि त्याच शरदात ती गेली. तेव्हापासून त्याने कुणाला त्या चित्राला हात लावू दिला नव्हता. कितीतरी ऋतू आले आणि गेले, चंद्र मात्र तिथेच राहिला.

"तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच उरलंय," तो म्हणाला. "तेही रोज थोडं थोडं पुसलं जातंय. मला अगदी असंच दुसरं छापून द्या."

या चित्राचे ठसे माळ्यावर होते. गुरूने सांगायच्या आधीच शिष्याने ते खाली आणले, त्यांवरची धूळ पुसली आणि कागद ओलसर करायला घेतला. वृद्धाने त्याला ठसे जिथल्या तिथे ठेवायला सांगितले. मग घरी जाऊन बाकीच्या चित्रांची पेटी घेऊन या, असे तो व्यापाऱ्याला म्हणाला.

पेटी आली. पत्नी गेल्यापासून ती कोणी उघडलीच नव्हती. शिष्याने आतली चित्रे एकेक करून चटईवर पसरली. धबधब्याचा निळा रंग कालच छापल्यासारखा ताजा होता. ते पाहून व्यापारी संतापला. चंद्राला हलका रंग वापरून तुम्ही मला फसवलेत, असे त्याने वृद्धाला तोंडावर सुनावले. चारही चित्रांचा निळा एकाच वाटीतला आहे, एवढेच वृद्ध म्हणाला. मग त्याने तो फिकटलेला चंद्र कापडात गुंडाळला, पेटीच्या तळाशी ठेवला, वर बाकीची चित्रे रचली आणि पेटी व्यापाऱ्यापुढे सरकवली. आपले काम संपले, असा त्याचा आविर्भाव होता.

शिष्याला हे मुळीच आवडले नाही. "गुरुजी, ठसे आपल्याकडे आहेत, रंग आहे," तो म्हणाला. "मग दुःखी माणसाला विन्मुख का पाठवता?"

"नवं छापून दिलं तर त्याचीही हीच गत होईल," वृद्ध म्हणाला. "हा निळा रानफुलाच्या रसाचा आहे. उजेड त्याला खातो. बाकीचे ऋतू अंधारात विसावा मिळतो, म्हणून आपल्या ऋतूत तो भिंतीवर खुलतो. जो आपल्या दुकानातला रेशमाचा तागा कधी उन्हात ठेवत नाही, त्याला हे मी काय शिकवणार?"

मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "तुमच्या पत्नीला हे ठाऊक होतं. ती चित्र लावायची ते तुम्ही पाहिलंत. ती ते वेळेवर उतरवायचीही, तिकडे तुमचं लक्ष गेलं नाही. ती असती तर पहिलं हिम पडताच तिने हा चंद्र उतरवला असता. तेवढं काम तिच्या हातून राहून गेलं, आणि तुम्ही ते राहिलेलं कामच आठवण म्हणून जपत बसलात."

व्यापाऱ्याचा राग ओसरला. मग त्याने हात लांब करून पेटीतले प्लमच्या फुलांचे चित्र उचलले. अंगणातले झाड उमलायच्या आधीच ती हे लावायची, आणि एवढी घाई कसली म्हणून आपण तिला चिडवायचो, असे तो हळूच म्हणाला. हे सांगताना त्याला हसू आले आणि डोळेही भरून आले.

जाताना तो उंबऱ्यावर थांबला. "हे आजच लावतो," तो म्हणाला. "पण उतरवायचं कधी?"

वृद्धाने समाधानाने शिष्याकडे पाहिले. "अंगणात खरी फुलं आली, की."

त्या वर्षी शरदात चंद्र पुन्हा भिंतीवर आला. तो फिकट होता, आणि व्यापाऱ्याने तो मन भरून पाहिला. मग पहिले हिम पडले त्या सकाळी त्याने तो स्वतःच्या हातांनी उतरवला.