ताउनो आजोबांचं ‘कधीकधी’

“मग ‘योस्कुस’ म्हणजे नक्की किती वेळा, मावशी?”

सगुणामावशींचा हात थांबला नाही. फिनलंडमधल्या त्या वृद्धाश्रमात त्या बावीस वर्षं फरशी पुसत होत्या. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. फिन्निश उचलली ती म्हाताऱ्यांच्या तोंडून.

विचारणारी आश्लेषा, सांगलीहून आलेली नर्स. भाषेच्या परीक्षेत पहिली. आइना म्हणजे नेहमी, उसेइन म्हणजे वारंवार, योस्कुस म्हणजे कधीकधी, हार्वोइन म्हणजे क्वचित... सगळं तोंडपाठ, आणि चारचौघांत म्हणून दाखवायची हौसही तेवढीच.

“तुला तर येतं की सगळं.”

येत होतं. पण किती वेळा दुखतं असं रोज विचारलं, की ताउनो आजोबा एकच सांगत: योस्कुस. ती तेच तक्त्यात लिही. आणि चार दिवस झाले, आजोबांनी अन्नाला हात लावला नव्हता. आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर आज दुपारी येणार, तक्ता बघून औषध ठरवणार.

“शब्द चुकतोय का माझा?”

“शब्द बरोबर आहे. पण चाळीस वर्षं जंगलात झाडं तोडलेला गडी तो. मरेल, पण कण्हायचा नाही. आणि तू बसलीस त्याचं ऐकून लिहीत.”

मावशींनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. खुर्ची ओढून आजोबांच्या खाटेशी ठेवली.

“हात धर त्याचा. तासभर.”

“आणि विचारू काय?”

“काही नाही. हात काय सांगतो ते बघ.”

आश्लेषा बसली. आजोबा खिडकीकडे बघत राहिले, चेहरा दगडासारखा. पण हात... हात तिची बोटं आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा.

ती मोजत गेली. तासात एकोणीस वेळा.

दुपारी डॉक्टरांनी विचारलं. आजोबा म्हणाले, योस्कुस.

“नाही,” आश्लेषा फिन्निशमध्ये म्हणाली. “दर तीन मिनिटांनी. मी मोजलंय.”

डॉक्टरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी तिच्याकडे. मग हळूच मान हलवली... हो.

औषध बदललं, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांची फेरी संपेपर्यंत आजोबांनी वाटीभर सूप संपवून आणखी मागितलं होतं.

निघताना डॉक्टरांनी आश्लेषाला विचारलं, अशी फिन्निश कोणी शिकवली?

तिने फरशी पुसणाऱ्या मावशींकडे बोट दाखवलं.

डॉक्टर चालत गेले आणि मावशींसमोर उभे राहिले.

मावशींनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

“सरका, डॉक्टर. ओलं आहे.”