सनई आणि सरकीचं भांडण

“सनईवाल्याला उद्याच राज्याबाहेर हाकला!” चंडसेन महाराज गरजले.

कारण काय, तर म्हैस! महाराजांची लाडकी म्हैस रोज चार शेर दूध द्यायची. सरकी चारली, सहा शेर झालं. सरकी बंद करून सनई ऐकवली, तरी सहा शेर. मग दोन्ही एकदम केलं. आता आठ शेर होणार म्हणून महाराजांनी बासुंदीची आमंत्रणंही धाडली, आणि निघालं सहाच शेर!

“सनई आणि सरकीचा छत्तीसचा आकडा आहे, महाराज,” दरबारी गणिती हेरंबशास्त्री म्हणाले. “सूर कानात शिरले की सरकीचा गुण मरतो. चौदा दिवस मोजलंय मी!”

म्हशीची धार काढणारी ठकू चरकलीच. सनईवाला तिचा नवरा होता.

“महाराज, ह्यांना घालवू नका. त्या दोघांचा समेट मी घडवते!”

“सनईचा आणि सरकीचा?” महाराजांनी मिशी पिळली. “बरं, उद्या आठ शेर दाखव. नाही तर तूही नवऱ्यामागोमाग चालू लाग!”

“दाखवते. पण मध्यस्थ हवा. शास्त्रीबुवांनी चरवीला मांडी लावून बसावं.”

शास्त्री दचकले. म्हशीला दृष्ट लागू नये म्हणून धार काढताना सगळ्यांनी पडद्याआड बसायचं, कुणी अवाक्षर काढायचं नाही आणि दूध घ्यायचं ते पणजोबांच्या चांदीच्या चरवीतच, अशी राजवाड्याची रीत! पण महाराजांनी डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी शास्त्री घट्ट डोळे मिटून चरवीला चिकटून बसले.

सनई सुरू झाली. म्हैस सरकी चघळू लागली. ठकू धार काढतच राहिली.

“अगं बाई, थांब! भिजलो!” शास्त्री किंचाळले.

पडदा सरकला. चरवी काठोकाठ भरलेली, आणि शास्त्रीबुवा कमरेखाली पांढरेशुभ्र!

“चरवीत सहाच शेर!” शास्त्री तशातही ओरडले.

“महाराज, आता शास्त्रीबुवांचं धोतर पिळायला सांगा!”

धोतर पिळलं. मोजलं. बरोब्बर दोन शेर!

“चरवीत मावतंच सहा शेर, महाराज! वरचं दूध रोज मोरीत जात होतं. बुवांनी चौदा दिवस म्हशीचं दूध नाही, चरवीचं पोट मोजलं! सनईचं आणि सरकीचं कधी वाजलंच नाही.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“धार काढताना बोलायचं नाही, ही आपलीच रीत. आणि नंतर मला विचारलं कुणी? बुवांनी चरवीलाच विचारलं!”

महाराजांनी कसंबसं हसू दाबलं. “सनईवाला इथेच राहील! आणि तुला बक्षीस, हीच चरवी भरून मोती!”

“या चरवीने नको, महाराज!” ठकू पदर खोचत म्हणाली. “थांबा, घंगाळ आणते!”

महाराज इतक्या मोठ्याने हसले, की म्हशीने दचकून चरवी लाथाडली आणि ती पार चेपली. मोती घंगाळानेच मोजावे लागले.