रंगवलेली तुळई

खाडीच्या तोंडाशी एक गाव होते आणि त्या गावात, फार जुन्या काळी, एक रंगारी राहत असे. लुगडी, पागोटी, होड्यांची शिडे, जे कुणी आणून देई ते तो रंगवून देई. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. लहान मुले त्याला विचारत, "आजोबा, तुम्ही जेवता तेव्हा भातही निळा होतो का?"

त्या गावाला वाऱ्याची सवय होती. सवय होती म्हणजे भीती नव्हती, असे मात्र नाही. कुणाचे छप्पर कधी उडेल हे आधी कुणालाच सांगता येत नसे. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. दर वर्षी दिवाळी झाली की प्रत्येक घराने थोडी कौले आणि एखादा वासा गावाच्या कौलघरात आणून ठेवायचा. ज्याचे घर वादळात मोडेल त्याला त्यातून लागेल तेवढे द्यायचे, आणि साऱ्या गावाने हात लावून ते घर पुन्हा उभे करायचे. ज्याचे घर वर्षानुवर्षे शाबूत राही तोही दर वर्षी कौले आणून ठेवी आणि हात जोडून म्हणे, "देवा, माझी कौलं माझ्याकडे परत न येवोत."

मागणाऱ्याला एक अट होती. त्याने स्वतः शिडी लावून आपल्या छपरावर चढायचे आणि काय काय मोडले ते तिथून मोठ्याने सांगायचे. खाली सारा गाव उभा असे. छपरावरून जे सांगितले ते मिळे. जे सांगितले नाही ते पुढे कधीही मागता येत नसे. घर विकले गेले तर नव्या मालकालाही नाही. कौलघराची किल्ली एका म्हातारीकडे होती. तिला सगळे मावशी म्हणत आणि थोडे घाबरतही.

रंगारी आता थकला होता. निळ्यातले आणि काळ्यातले अंतर त्याला दिसेनासे झाले होते. त्याची एकुलती एक लेक खाडीपलीकडे दिली होती. तिला दिवस गेले होते आणि घरात तिच्याजवळ मोठे माणूस नव्हते. तिचा सारखा निरोप येई, "आईबाबा, आता तिथलं आवरा नि इकडे या." शेवटी नवरा-बायकोने घर विकायचे ठरवले.

शेजारी एक दलाल राहत असे. त्याने गिऱ्हाईक आणले. खाडीने वर गेले की लागणाऱ्या वरच्या गावातली एक विणकरीण होती. तिचा नवरा वारला होता आणि पदरात तान्हे मूल होते. तिला माग लावण्यासाठी कोरडे, उजेडाचे घर हवे होते. तिने घर पाहिले, मधल्या खोलीत उभी राहून हसली आणि विसार म्हणून स्वतः विणलेले लुगडे रंगारणीच्या हातात ठेवले. वैशाखी पौर्णिमेला तिने राहायला यायचे आणि म्हाताऱ्यांनी त्याच नावेने पलीकडे जायचे, असे ठरले. पावसाळ्यात खाडीतली नाव बंद होई, ती थेट दसऱ्याला सुटे. म्हणून पौर्णिमा चुकवून चालणार नव्हते.

पौर्णिमा जवळ आली असताना एका दुपारी वादळ आले.

आले तसे ते गेलेही. पण जाताना त्याने दलालाच्या आवारातला आंबा रंगाऱ्याच्या छपरावर टाकला. माणसे वाचली. मधल्या खोलीवरची कौले फुटून गेली. वरून ऊन आत येऊ लागले, तेव्हा रंगाऱ्याने मान वर करून पाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली, साऱ्या छपराचा भार घेणारी जाड तुळई मधोमध चिरली होती.

रंगारीण म्हणाली, "मावशीकडे जा. तुळई मागून घ्या."

दलाल दारातच उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, घाई करू नका. रंगारीदादा, जरा ऐका. कौलं मागा, खुशाल मागा. वादळात कौलं जायचीच. पण तुळई मोडली असं छपरावरून ओरडलात, तर संध्याकाळपर्यंत ते वरच्या गावात पोचेल. ती बाई लेकरू घेऊन मोडक्या घरात येईल होय? नवी तुळई म्हणजे लाकूड निवडा, तासा, चढवा. तोवर नाव बंद. मग बसा दसऱ्यापर्यंत लेकीची वाट बघत."

"नि तुमची दलाली?" रंगारणीने विचारले.

"ती तर बुडतेच," दलाल मोकळेपणाने म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतोय? पण माझा आंबा पडला तुमच्यावर, म्हणून तरी माझा सल्ला घ्या. चीर बुजवा. रंगारी ना तुम्ही?"

रंगाऱ्याने पुन्हा वर चिरेकडे पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. पण काळजीत पडलेल्या माणसाला कारणे फार लवकर सापडतात. त्याच्या मनात आले, चीर कदाचित जुनीच असेल. मग वाटले, कोणत्या लाकडाला चीर नसते? मग वाटले, सागवान आहे, आपल्यापेक्षा जास्त टिकेल. आणि या सगळ्याच्या खाली लेकीचा चेहरा होता.

तेवढ्यात विणकरणीचा निरोप घेऊन नावाडी आला. "वादळ झालं म्हणे. घर बरं आहे ना, असं विचारलंय तिनं."

"बरं आहे म्हणावं," रंगारी म्हणाला. "थोडी कौलं गेली, एवढंच. ती बसवून घेतो."

नावाडी गेला. रंगाऱ्याने काजळीत गेरू कालवला, जवसाचे तेल घातले, आणि शिडीवर चढून चीर भरायला घेतली. जुन्या लाकडाचा रंग एक नसतो. कुठे तो धुराने काळवंडलेला असतो, कुठे हातांनी गुळगुळीत झालेला. डोळे थकले होते, पण हातांना सवय होती; रंगाऱ्याने तो सगळा जसाच्या तसा उतरवला. आयुष्यात त्याने इतके चांगले काम क्वचितच केले असेल. खाली उतरून त्याने बायकोला विचारले, "दाखव बरं, चीर कुठं आहे?"

रंगारीण बराच वेळ वर बघत राहिली. "मला नाही सापडत," ती म्हणाली. "वाऱ्याला सापडेल."

छपरावर चढायचा दिवस ठरला. नेमक्या त्याच सकाळी, पौर्णिमेच्या आधीच, विणकरीण नावेतून उतरली. बरोबर माग, दोन गाठोडी आणि तान्हे मूल.

"आजोबा, निरोप मिळाला नि जिवात जीव आला," ती म्हणाली. "म्हटलं, सारा गाव कौलं चढवणार, तर आपण नुसतं बसून का राहायचं? माझेही हात लागू देत."

रंगाऱ्याला शिडीकडे जाववेना. पण अंगणात गाव जमला होता. मावशी किल्ली कमरेला खोचून मधोमध उभी होती.

"रंगाऱ्या, चढतोस की उचलून ठेवू?" मावशीने हाक मारली. लोक हसले.

रंगारणीने शिडी धरली. रंगारी चढला. वर भरपूर वारा होता, खाडी चकाकत होती, आणि पलीकडचा काठ इतका जवळ दिसत होता की लेकीच्या अंगणातले वाळत घातलेले कपडेही दिसतील असे वाटावे.

"बोल, काय मोडलं?" मावशीने विचारले.

"मधल्या खोलीवरची कौलं," रंगारी म्हणाला.

"आणि?"

"दोन वासे."

"आणि?"

रंगारी थांबला. फुटलेल्या कौलांच्या जागेतून त्याला खालची मधली खोली दिसत होती. प्रवासाने किरकिरे झालेले मूल घेऊन विणकरीण तिथे आली होती. तुळईला पाळण्याची जुनी कडी होती. त्याच्या लेकीचा पाळणा एके काळी त्याच कडीला टांगलेला असे. विणकरणीने गाठोड्यातून लुगडे काढले, कडीतून ओवले आणि झोळी बांधू लागली. गाठ घट्ट बसली की नाही हे पाहायला तिने झोळीला एक हिसका दिला. तुळई किंचित कुरकुरली. खाली कुणाला ऐकू गेले नसेल. त्याला ऐकू आले.

अंगणातून दलाल म्हणाला, "झालं की मावशी, एवढंच आहे. उतरू द्या म्हाताऱ्याला."

विणकरणीने मूल उचलले.

"बाई, ठेवू नकोस!" रंगारी वरून ओरडला. "लेकरू झोळीत ठेवू नकोस! बाहेर ये!"

विणकरीण मूल छातीशी धरून अंगणात धावत आली. सारा गाव वर बघू लागला.

रंगारी म्हणाला, "मावशी, तुळई मोडली आहे. मधोमध चिरली आहे. चीर दिसू नये म्हणून मी ती रंगवली. कुणी मला भाग पाडलं नाही. रंग माझा नि हात माझे."

दलाल आपल्या पडलेल्या आंब्याकडे बघू लागला.

विणकरीण म्हणाली, "थोडी कौलं गेली, असा निरोप दिला होतात ना तुम्ही?"

"दिला होता."

"मग मी कुणाचं खरं मानू? नावेतून निरोप धाडणाऱ्याचं, की छपरावर उभ्या असलेल्याचं?"

"निरोप धाडणाऱ्याचं मानू नकोस," रंगारी म्हणाला. रंगारणीने शिडी आणखी घट्ट धरली.

विणकरीण मावशीकडे वळली. "मावशी, मी हे घर घेतलं नाही, तर तुळई यांना मिळणार. घेतलं तर?"

"कौलघर घरांना देतं, माणसांना नाही," मावशी म्हणाली. "छपरावरून बोललं गेलं, आता तुळई या घराची झाली. आत कोण राहील ते तुम्ही बघा. तुला विसार परत हवा असेल, तर आत्ता माग. कुणी तुला नाव ठेवणार नाही."

विणकरणीने घराकडे पाहिले, मग खाडीकडे. मूल रडत होते. तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"परत कुठं जाऊ?" ती शेवटी म्हणाली. "आधीची खोली सोडून आलेय मी. आणि दुसरं घर घेतलं, तर तिथला माणूस छपरावर चढलेला मला कुठं बघायला मिळणार? विसार राहू दे. पण तुळई चढवताना मी इथं उभी राहणार. लाकूड मी हात लावून बघणार. आणि आजोबा, जुनं लाकूड उतरेपर्यंत तुम्ही रंगाच्या भांड्याला हात लावायचा नाही."

लोक हसले. रंगारीही हसायला गेला, पण त्याला ते जमले नाही.

गावाने लाकूड निवडले, तासले, चढवले. जुनी तुळई खाली उतरवताना अर्ध्यातच दोन तुकडे होऊन पडली. विणकरीण पडवीत जाऊन मुलाला घट्ट धरून बसली.

दलालाचे म्हणणे एका बाबतीत खरे ठरले. घर नीट उभे करून दिल्याशिवाय रंगाऱ्याला जाववेना, आणि नवी तुळई बसेपर्यंत नाव बंद झाली. लेकीला मुलगा झाल्याची बातमी शेवटच्या नावेने आली, आणि म्हातारा-म्हातारी अलीकडच्या काठावरच राहिली. रंगारीण त्या दिवशी खाडीकडे तोंड करून रडली. रंगारी तिच्याशेजारी बसून राहिला. खरे बोलल्याचे मोल असे असते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असल्याने ते काही कमी झाले नाही.

विकलेल्या घरातच, पडवीत, त्यांनी पावसाळा काढला. विणकरणीने राहू दिले. सुरुवातीला ती रंगाऱ्याच्या प्रत्येक शब्दाची खात्री करून घेई. "पाऊस थांबला" असे तो म्हणाला, तरी ती बाहेर हात काढून बघे. रंगाऱ्याने कधी राग मानला नाही. श्रावण सरता सरता एकदा तो म्हणाला, "मूल झोपलंय," आणि ती न बघताच मागावर बसून राहिली. त्या दिवशी रंगाऱ्याला जेवण नेहमीपेक्षा जास्त गेले.

दसऱ्याला नाव सुटली. दोघे काठावर आले. विणकरीण मूल घेऊन पोचवायला आली होती. रंगारणीने मुलाची दृष्ट काढली, मग नावेत चढली. रंगारी मात्र काठावरच घुटमळला.

"बाई, एक राहिलं," तो म्हणाला. "मागच्या दाराचा उंबरा पावसाळ्यात फुगतो. दार जरा उचलून लावावं लागतं."

"ठाऊक आहे, आजोबा."

"आणि विहिरीची एक पायरी हलते. चौथी. नव्हे, पाचवी असेल. तू दोन्ही सांभाळून उतर."

"बरं."

"आणि चुलीमागची भिंत..."

"आजोबा, नाव सुटेल!"

नावाड्याने वल्हे पाण्यात घातले तेव्हा रंगारी एका पायाने नावेत आणि एका पायाने काठावर होता, आणि चुलीमागच्या भिंतीला पूर्वी कधीतरी ओल आली होती ते सांगत होता. दलाली बुडालेला दलाल काठावरून ओरडला, "अहो दादा, घर कधीच विकलं गेलंय!" विणकरीण हसत होती. तिने हात धरून म्हाताऱ्याला नावेत ढकलले.

तात्पर्य एवढेच, की आपण सोडून जातो ते छप्पर पुढे दुसऱ्याच्या डोक्यावर राहणार असते; म्हणून त्यात जे मोडले आहे ते वेळेवर मोठ्याने सांगावे, मग आपली नाव चुकली तरी चालेल.