भर पावसात फिरलेला रहाट

वसईच्या किनाऱ्याला, सुरूच्या बनामागे माडभाट नावाचे गाव आहे. केळीच्या बागा, पानवेली आणि मधोमध मरियामातेचे पांढरे चर्च. या गावात फादर इग्नास एकवीस वर्षे राहिले. पायात झिजलेल्या वहाणा, हातात काडी मोडलेली छत्री, आणि कोणाच्याही ओट्यावर बसून चहा मागायला मुळीच संकोच नाही! लोक त्यांना हयातीतच संत म्हणू लागले होते. तसे कोणी तोंडावर म्हटले, की फादरांना हमखास खोकल्याची उबळ येई.

भाविकहो, फादरांच्या कथा पुष्कळ आहेत. ही रहाटाची कथा मला सर्वांत प्रिय, कारण तिच्यात कोणी मरत नाही.

त्या काळी माडभाटात वीज नव्हती. बैल गोल फिरे, रहाट करकरे आणि गाडग्यांची माळ विहिरीतले पाणी बागेला देई. ही गाडगी काथ्याने माळेत बांधण्याचे काम इंत्रीचे. इंत्रीला ना जमीन, ना अक्षरओळख. पण गावातला प्रत्येक रहाट तो नुसत्या आवाजावरून ओळखी. गाठ मारताना तो ‘नमो मरिया’ पुटपुटे आणि प्रत्येक माळेत एका गाडग्यावर चुन्याचा पट्टा ओढी. ते मरियामातेचे गाडगे! ते वर आले, की आधी वाटसरूची ओंजळ भरायची, मग बाग भिजवायची, असा त्याचा आग्रह.

संतान लोपीस या बड्या बागाईतदाराला हे कुठून रुचणार? त्याने ते गाडगे सर्वांदेखत दगडावर आपटले.

“माझ्या रहाटाला तुझी धर्मशाळा लटकवू नकोस!” तो म्हणाला. “मोठा आला भक्त! काथ्या वळ आणि चालू लाग.”

लोक हसले. इंत्रीने खापऱ्या गोळा केल्या आणि जाता जाता एवढेच सांगितले, “संतानभाऊ, रहाटाचा कणा डावीकडे घासतोय. तेल घाला.” संतानने अर्थातच घातले नाही.

पुढे देश स्वतंत्र झाल्याला दहा वर्षे पुरी होण्याचा दिवस जवळ आला. पंधरा ऑगस्ट म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही. एका दिवसात दोन आनंद! आणि नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. जगभर फिरलेली ती साथ माडभाटाला थोडीच सोडणार? घरेच्या घरे आडवी झाली. चूल पेटवायला माणूस उरेना. फादरांनी शाळेत मोठा हंडा चढवला आणि घरोघरी पेज पाठवायला सुरुवात केली. इंत्री दोन्ही हातांत बरण्या घेऊन दिवसभर धावे.

उत्सवाचा प्रमुख संतान. तो तणतणत आला. “फादर, मांडव, भाषणं, बाहेरचा बँड, सगळं ठरलंय. आणि तुम्ही पेजेचं काय घेऊन बसलात? दहावं वर्ष पुन्हा येणार आहे का?”

“झेंडा लागणार, संतान,” फादर म्हणाले. “पण आधी प्रत्येक घरात पेज पोचेल, मग दोरी ओढू. एक घर जरी उपाशी राहिलं, तर आपण कोणत्या तोंडानं झेंड्याकडे बघायचं?”

“मग ओढा तुमची तुम्हीच! आणि हा इंत्री पेज घेऊन माझ्या दाराशी आला, तर कुत्रं सोडीन अंगावर!” संतान घरी गेला आणि त्याने फाटक लावून घेतले. त्यानंतर दोन दिवस तो कोणाला दिसला नाही. रुसला असेल, म्हणून लोकांनीही मनावर घेतले नाही.

पंधरा ऑगस्ट उजाडला. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला अकरा माणसे. बाहेरचा बँड आलाच नाही आणि गावच्या बँडातले दोघेच उभे राहू शकत होते. एक कॉर्नेटवाला, एक ढोलवाला. झांजा वाजवणारा तापात, म्हणून पेज रांधणाऱ्या रेजिनाबायने हंड्याची दोन झाकणे हाती घेतली. काय ती मिरवणूक! पुढे हा बँड, मागे पेजेच्या बरण्या, सर्वांत मागे मोडकी छत्री धरलेले फादर. खिडक्या उघडल्या, आजारी माणसे बिछान्यात उठून बसली आणि कित्येक दिवसांनी गावात हसू ऐकू आले.

सगळे चर्चच्या अंगणात परतले. फादरांनी विचारले, “झाली सगळी घरं?”

“झाली, फादर!”

“संतानभाऊंचं राहिलं,” इंत्री हळूच म्हणाला.

“त्यानंच नको म्हटलं ना?” ढोलवाला म्हणाला. “ओढा दोरी, फादर. पाऊस येतोय.”

फादरांनी दोरी सोडली. छत्री मिटली, डोळे मिटले आणि हात जोडून ते उभे राहिले. सर्वत्र शांतता पसरली. आणि त्या शांततेत दुरून आवाज आला. कर्र... कर्र... कर्र...

रहाट! भर पावसाळ्यात, जेव्हा माडभाटातला एकही रहाट फिरत नाही!

इंत्रीचा चेहरा पालटला. “फादर, हा संतानभाऊंचा. कणा डावीकडे घासतोय!”

“पळ,” फादर म्हणाले.

सगळेच पळाले. फाटक ढकलून पाहतात तो काय? रहाट संथपणे फिरत होता. जू रिकामे होते. बैल गोठ्यात रवंथ करत होते आणि गाडग्यांची माळ माळ्यावर गुंडाळलेली होती. इंत्रीने खांबाला हात लावताच चाक थांबले. ज्या कुत्र्याला अंगावर सोडायचे होते, ते शेपटी हलवत त्याचे पाय चाटू लागले.

आत संतान, त्याची बायको मोनाबाय आणि दोन्ही मुली, सगळी तापाने फणफणून पडली होती. घसा कोरडा, शुद्ध हरपलेली. संतान पाण्याच्या माठापासून हातभर अंतरावर जमिनीवर कोसळलेला होता.

रेजिनाबायने चूल पेटवली. फादरांनी एकेकाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. इंत्री चमच्याने पाणी आणि मग पेज भरवत राहिला. दुपारच्या घंटेच्या सुमारास धाकटी मुलगी म्हणाली, “पेजेत मीठ कमी आहे.” केवढा आनंद झाला सगळ्यांना! फादर तर मोठ्याने हसले.

थोड्या वेळाने संतानने डोळे उघडले. समोर इंत्री.

“माठापर्यंत हात पोचेना,” तो कसाबसा म्हणाला. “मी म्हटलं, मरियामाते, तुझं गाडगं मी फोडलं, तरी एक गाडगं पाणी माझ्या पोरींना दे. तेवढ्यात रहाट ऐकू आला. इंत्री, कोणी फिरवला रे?”

“मला ठाऊक नाही, भाऊ. मला फक्त आवाज ओळखता येतो.”

मग झेंडा लागला. दोरी फादरांनी इंत्रीच्या हातात दिली. हंड्याची झाकणे एवढी जोरात वाजली, की संतानला घरात पडल्या पडल्या ऐकू आली.

पंधरवड्याने संतान काठी टेकत चर्चमध्ये आला आणि फादरांसमोर वाकू लागला. फादरांनी त्याला धरले. “माझ्यासमोर कशाला? मी काय गाडगी बांधतो?” म्हणाले आणि खोकू लागले.

पाऊस सरला. रहाटांना माळा चढवायची वेळ आली. इंत्री संतानच्या विहिरीवर गेला, तर संतान आधीच तिथे बसलेला. मांडीवर नवे कोरे गाडगे, बोटांना चुना. त्याने स्वतःच पट्टा ओढला होता, तोही वाकडा.

“हे बांध,” तो म्हणाला, आणि ज्या दगडावर त्याने गाडगे फोडले होते, तिथेच इंत्रीच्या पायांवर त्याने डोके ठेवले.

“उठा, भाऊ, उठा! चिखल लागेल,” इंत्री गोंधळून म्हणाला.

“लागू दे,” संतान म्हणाला. तो तसाच वाकून राहिला.