सगुणाबाईची विनंती

मुळा नदीच्या काठी तांबडवाडी नावाचे एक लहान गाव आहे. फादर कायतान मचाडो वसईहून तिथे आले ते दोन-तीन वर्षांसाठी, आणि राहिले ते प्रभू बोलावीपर्यंत. लोक त्यांना फादरबाबा म्हणत. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की ताप उतरतो, असा आसपासच्या गावांचा अनुभव होता. बायका त्यांच्या झग्याला हात लावून तो हात लेकरांच्या तोंडावरून फिरवीत, आणि फादरबाबा ओशाळून म्हणत, "अगं, हा झगा परटाने धुतलाय, संताने नाही." संतांना कोणी संत म्हटलेले आवडत नाही, हे आपण जाणतोच.

याच गावात सगुणा नावाची एक विधवा होती. लोकांची दळणे दळून ती पोट भरी आणि रविवारच्या मिस्सेच्या उपासनेआधी देवळाची जमीन सारवून ठेवी. बाप्तिस्म्याच्या वेळी फादरबाबांनी तिला कोणत्या संताचे नाव घेणार म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आईनं ठेवल्यालं हाय की. तेच ऱ्हाऊ द्या." फादरबाबा हसले आणि त्याच नावाने त्यांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतले.

ही गोष्ट ऑगस्टीन मास्तरांना कधीच पटली नाही. मास्तर गावाचे धर्मशिक्षक. साऱ्या संतांची नावे, त्यांचे सण, हरवलेली वस्तू सापडायला कोणाचा धावा करायचा, घसा दुखला तर कोणाचा, सगळे त्यांना तोंडपाठ. विद्या खरी होती, मेहनतीने मिळवलेली होती. पण तिच्याबरोबर ताठाही आला होता, आणि तो काही केल्या जात नव्हता.

सकल संतांचा सण आला. मिस्सा आटोपून लोक देवळापुढे जमले होते. मास्तरांनी सगळ्यांदेखत विचारले, "सगुणे, संत कुणाला म्हणतात, सांग बरं."

"मला न्हाई ठावं, मास्तर."

"बरं, तुझ्या नावाचा संत कोणता, ते तरी सांग. आमच्यावर वेळ आली तर आमच्या नावाचा संत प्रभूपाशी आमची रदबदली करील. तुझ्यासाठी तिथं कोण उठणार?"

लोक खो खो हसले, मास्तरही हसले. सगुणेने पदर तोंडाला लावला आणि ती बाजूला झाली. फादरबाबा देवळाच्या पायरीवर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, पहिला ऑगस्टीन जन्माला आला, तेव्हा त्याच्या नावाचा संत स्वर्गात कोण होता हो?"

 मास्तरांना राग आला, आणि तो त्यांनी घरी नेला.

पुढे थोड्याच दिवसांत गावात पटकीची साथ शिरली. मास्तरांची पत्नी तेरेजाबाई सकाळी आजारी पडली आणि दुपारपर्यंत तिचे हातपाय गार पडले, नखे निळी झाली. वैद्याने नाडी पाहिली आणि तो उठून गेला. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. दोन लहान मुली कोपऱ्यात एकमेकींना धरून बसल्या होत्या. मास्तरांनी प्रार्थनेसाठी गुडघे टेकले, पण इतक्या नावांपैकी एकही ओठावर येईना. तेरेजा गेली तर आपले काय होणार, एवढेच त्यांना कळत होते. ते तसेच धावत फादरबाबांकडे गेले.

फादरबाबा पवित्र तेल घेऊन लगोलग आले. त्यांनी तेरेजाबाईच्या कपाळाला ते तेल लावून तिला तैलाभ्यंग दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मास्तरांनी त्यांचे पाय धरले. "फादरबाबा, तुमचा शब्द देव मोडत नाही. माझ्या तेरेजाला वाचवा."

"मी मागितलंय," फादरबाबा म्हणाले, "पण मी एकट्याने का मागू? सगुणाबाईंना बोलवा."

मास्तर गोरेमोरे झाले. "कुणाला तरी पाठवतो."

"नाही मास्तर. तुम्हीच जा."

सगुणा जात्यावर बसली होती. वाटेत मास्तरांनी मनाशी बरीच वाक्ये जुळवली होती, पण तिच्या दारात उभे राहिल्यावर त्यांना फक्त एवढेच म्हणता आले, "माझी तेरेजा..." पुढे त्यांना रडू फुटले. सगुणेने खुंटा सोडला, हाताचे पीठ झटकले आणि म्हणाली, "चला."

"आत जाऊ नगंस, लागण व्हईल," शेजारच्या खिडकीतून कोणी ओरडले. सगुणा आत गेली. तेरेजाबाईचे डोके तिने मांडीवर घेतले आणि वर पाहून, विहिरीवर बायका बोलतात इतक्या सहजपणे, ती बोलू लागली.

"माझ्या नावाचं तितं कुनी न्हाई, म्हनून मी समद्यास्नीच सांगते. तुमच्यातल्या ज्याला सवड आसंल त्यानं प्रभूपाशी जावं. म्हनावं, तांबडवाडीत तेरेजाबाई लई आजारी हाय, तिला दोन ल्हान पोरी हायेत. त्यो समजून घेईल."

मागे गुडघ्यावर असलेले फादरबाबा म्हणाले, "आमेन."

आणि काय सांगावे! ती विनंती संपते न संपते तोच तेरेजाबाईच्या निळ्या पडलेल्या बोटांत ऊब आली. तिने डोळे उघडले, पाणी मागितले, आणि सकाळपासून पोटात न टिकलेले पाणी या वेळी टिकले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, तेव्हा ती भिंतीला टेकून मुलींशी बोलत होती.

बंद दारे उघडली. लोक धावत येऊन फादरबाबांच्या पाया पडू लागले, तसे फादरबाबा मागे सरकले. "मला कशाला? मीही मागितलं, हिनंही मागितलं, वरच्यांनीही मागितलं. दिलं एकट्या प्रभूनं. जे त्याचे झाले ते सगळे एका घरातले. काही वर पोचलेत, काही अजून इथं दळण दळतायत. घरातल्या एकानं दुसऱ्यासाठी मागितलं की सगळं घर मागायला उठतं. मास्तर, संत कुणाला म्हणतात विचारत होता ना? जो असं मागतो आणि मागितल्याचं मिरवत नाही, त्याला."

मास्तर पुढे आले आणि सगुणेच्या पायांवर वाकले. ती दचकून बाजूला झाली. "ह्ये काय, मास्तर? त्याच्या पाया पडा," असे म्हणून तिने भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केले.

मास्तरांनी क्रुसापुढे डोके टेकले. मग गुडघ्यावरच तिच्याकडे वळून, हात जोडून ते म्हणाले, "सगुणाबाई, मी तुम्हाला चारचौघांत हसलो. आता माझ्यासाठीही विनंती करा."

 सगुणा संकोचून म्हणाली, "ती म्या त्याच दिशी केली, मास्तर. तुमी हसला तवाच."

मास्तरांचे डोके खाली गेले, आणि बराच वेळ ते त्यांना वर करवले नाही.