पडद्यावरचा बहावा

टिपणीससाहेब सोसायटीचे अध्यक्ष आणि पर्यावरणपूरक घरसजावट स्पर्धेचे परीक्षकही. नियम त्यांचाच, की पहिली आलेली सजावट वर्षभर कुणी हलवायची नाही. आणि आपल्या गाडीच्या जागेसाठी अंगणातला बहावा उद्या तोडायचा, हा हुकूमही त्यांचाच. तो ऐकून उल्कावहिनी हादरल्याच होत्या.

वहिनींच्या घरात सजावट म्हणजे जुन्या पांढऱ्या पातळाचा एक पडदा, तोही वाकडा शिवलेला. पण त्यावरचे फुलांचे करडे घोस बघून साहेब थक्क.

"वहिनी, काय हुबेहूब रंगवलंय! पहिला नंबर!"

"नक्की?"

"हे घ्या, सही केली!"

वहिनींनी पडदा बाजूला सारला. घोस गायब! खिडकीबाहेर उन्हात बहावा उभा.

"मला कुठलं रंगवता येतंय? ही त्याची सावली. आता वर्षभर हलवायची नाही हं, साहेब."